बारमाही टर्मिनल, आठमाही अभ्यास

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
तज्ज्ञ मूल्यांकन समिती,
केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय,
इंदिरा पर्यावरण भवन, जोरबाग, नवी दिल्ली

विषय: कोकण किनाऱ्यावरील एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) आयात टर्मिनलांचे पर्यावरणीय मूल्यांकन आणि त्यातून गळलेला पावसाळा

महोदय, महोदया,

मी शास्त्रज्ञ नाही. दाभोळ खाडीच्या काठच्या एका गावात, मच्छीमारांच्या सहकारी सोसायटीत मी एकतीस वर्षे हिशेब लिहिला. डिझेलचा कोटा, बर्फाचे पैसे, कुणाच्या होडीला किती आले, कुणाचा हप्ता तुंबला, एवढेच माझे शास्त्र. आता निवृत्त आहे. मुलीने आपल्या मंत्रालयाचे ‘परिवेश’ हे संकेतस्थळ उघडायला शिकवले आणि तेव्हापासून माझी दुपारची झोप गेली. बंदरे, जेट्ट्या, साठवण टाक्या, वायुवाहिन्या यांचे अहवाल वाचत बसतो. इंग्रजी जेमतेम आहे, पण आकडे कुठल्याही भाषेत वाचता येतात. आणि हिशेबनिसाची पहिली सवय असते ती वहीतले गाळलेले महिने शोधायची.

ते महिने सापडले. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर.

आपल्याला हे सांगायची गरज नाही, पण पत्र खुले आहे, आमच्या गावातली माणसेही वाचतील, म्हणून थोडे मागून सांगतो. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाची फाईल आपल्याकडे येते. अभ्यास कशाकशाचा करायचा हे आपण ठरवून देता, त्या कागदाला टीओआर म्हणतात. मग प्रकल्पवाल्यांनी नेमलेली सल्लागार संस्था त्या जागेचे पाणी, हवा, माती, मासे, झाडे तपासते आणि प्रकल्प येण्याआधी तिथे काय होते याचे चित्र मांडते. या चित्रासाठी एका हंगामाची निरीक्षणे सर्रास पुरेशी मानली जातात. कुठला हंगाम? पावसाळा सोडून कुठलाही. मग बहुधा थंडी किंवा उन्हाळा निवडला जातो. तेव्हा होडी बाहेर काढता येते, बाटल्या भरता येतात, कागद भिजत नाहीत. सल्लागारांना मी दोष देत नाही, त्यांना मुभा आहे आणि ती ते घेतात.

माझ्याकडे लेखापरीक्षक यायचे. त्यातला एखादा म्हणाला असता की एप्रिल-मेच्या पावत्या दाखवा, बाकीचे वर्ष तसेच गेले असेल असे धरू, तर आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवला असता आणि नंतर पोटभर हसलो असतो.

आता दाभोळ. जग ज्याला दाभोळ वीज प्रकल्प म्हणते तो दाभोळात नाही, हे आधी नोंदवतो, कारण आमच्याकडच्या लोकांना त्याचा अजून राग आहे. दाभोळ गाव खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात. प्रकल्प दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात, वेलदूर-अंजनवेलच्या अंगाला. जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीबरोबर सामंजस्य करार झाला, १९९५ मध्ये सरकार बदलल्यावर प्रकल्प रद्द झाला, मग तोच प्रकल्प नव्या अटींवर परत आला. प्रकल्पाची सुरुवात झाली तेव्हा जनसुनावणी बंधनकारकसुद्धा नव्हती, ती झाली एप्रिल १९९७ च्या दुरुस्तीने. वेलदूरच्या बायकांनी त्या काळात जे सोसले ते जगभरच्या मानवी हक्क संघटनांच्या अहवालांत छापून आले आहे, ते मी इथे पुन्हा सांगत नाही. पुढे २००१ मध्ये वीजकेंद्र बंद पडले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनने दिवाळखोरी पुकारली, आणि अर्धवट बांधलेले एलएनजी टर्मिनल वाऱ्यावर राहिले. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने नवी कंपनी उभी राहिली. टर्मिनल सुरू झाले ते जानेवारी २०१३ मध्ये.

सुरू झाले आणि पहिल्याच मे महिन्याच्या अखेरीस आमच्या लक्षात आले की ते आमच्यासारखेच आहे. पाऊस तोंडावर आला की काम बंद. ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, पुरा नसल्याने नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटांत गॅसवाहू जहाज धक्क्याला लावता येत नव्हते. कागदावर क्षमता वर्षाला ५० लाख टनांची, प्रत्यक्षात वापरता येत होती ती सुमारे २९ लाख टनांची. वर्षानुवर्षे हे असे चालले. धोपाव्याच्या फेरीबोटीत उभे राहून आमचे लोक पलीकडच्या धुरांड्यांकडे बघत म्हणायचे, ‘त्याचीपण होडी शाकारली रे.’ एवढा खर्च, एवढे परदेशी तज्ज्ञ, आणि कोकणात पावसाळ्यात समुद्र कसा असतो हे आमच्या शाळेतल्या कुठल्याही पोराने फुकट सांगितले असते.

आता मात्र चित्र पालटते आहे. ब्रेकवॉटरचे काम मार्गी लागले आहे, टर्मिनल बारमाही चालवण्याची भाषा आहे, क्षमता वाढवण्याच्या योजना वर्तमानपत्रांत येतात. वाढू दे. मी त्याच्या आड येत नाही. पण मग माझा प्रश्न साधा आहे. जहाजे पावसाळ्यातही येणार, गॅस पावसाळ्यातही बनणार, पाणी पावसाळ्यातही ओढले आणि सोडले जाणार, आणि खाडीच्या तोंडाचा अभ्यास मात्र पावसाळा वगळून केला तरी नियमाला चालणार? उसात आठमाही आणि बारमाही पाणी असा भेद असतो. आठमाही पाण्याच्या परवान्यावर कुणी बारमाही ऊस लावला तर पाटबंधारे खाते दंड करते.

पाण्याचे काय होते ते थोडे सविस्तर लिहितो, कारण सुनावणीत याच मुद्द्यावर सगळ्यात कमी बोलले जाते. सगळे जण स्फोटाबद्दल विचारतात. खरे तर मासेमाराने आधी पाण्याबद्दल विचारायला हवे. नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि तो सुमारे सहाशे पट कमी जागा घेतो. म्हणून तो जहाजाने आणणे परवडते. इथे आणल्यावर त्याला परत ऊब देऊन वायू करावे लागते. ही ऊब देण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. थोडा गॅस जाळून देता येते, हवेतून घेता येते, वीजकेंद्राच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून घेता येते. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे समुद्राचे पाणी ओढून त्याची उष्णता घ्यायची आणि थंड झालेले पाणी परत सोडून द्यायचे.

किती पाणी? मी पाटीवर हिशेब मांडला आणि चिपळूणला पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या भाच्याकडून तपासून घेतला. वर्षाला ५० लाख टन म्हणजे तासाला सुमारे ५७० टन. पाणी सात अंशांनी थंड करून सोडायचे धरले, तर दिवसाला ३५ ते ४० कोटी लिटर पाणी लागते. मुंबई महापालिका सगळ्या शहराला रोज जितके पाणी पुरवते त्याचा हा जवळजवळ दहावा हिस्सा. हा कुठल्या एका टर्मिनलचा आकडा नव्हे, निव्वळ गणित आहे. पूर्णपणे समुद्राच्या पाण्यावर चालणारे एवढ्या क्षमतेचे टर्मिनल कुठेही उभे केले तरी उत्तर याच्या आसपास येईल.

एवढे पाणी नळांतून जाते तेव्हा नळांच्या आत कालवं, शिणाणे आणि असले चिवट जीव धरतात. होडीच्या बुडाला धरतात तसेच. ते धरू नयेत म्हणून पाण्यात क्लोरीन सोडतात, तो बहुधा समुद्राच्याच पाण्यापासून जागेवर तयार करतात. तोंडाशी जाळी असते. जाळीला मासा अडतो. अंडे अडत नाही, सुईएवढे पिल्लू अडत नाही, कोळंबीचे बी अडत नाही. ते आत जाते, थंडी, क्लोरीन आणि पंपाचे पाते यांतून फिरते आणि पलीकडून पाणी म्हणून बाहेर येते.

मग अंडी, पिल्ले पाण्यात सर्वांत जास्त कधी असतात? याचे उत्तर मी देत नाही, सरकारच देते. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. खलाशांचा जीव वाचावा हे एक कारण, आणि हा माशांच्या विणीचा काळ असतो हे दुसरे. बंदीच्या प्रत्येक परिपत्रकात ते लिहिलेले असते. आमच्या सोसायटीच्या फळ्यावर ते परिपत्रक मी स्वतः एकतीस वेळा चिकटवले आहे. म्हणजे मत्स्यव्यवसाय खाते सांगते की या दोन महिन्यांत समुद्रात अंडी आणि पिल्ले आहेत, एक जाळे टाकाल तर दंड होईल. आणि त्याच समुद्रातून रोज कोट्यवधी लिटर पाणी ओढण्याच्या परवानगीसाठी त्याच दोन महिन्यांत तिथे काय होते हे कुणी पाहिले नसले तरी चालते. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. दोन्ही सरकारी, दोन्हींवर गोल शिक्के.

आमची खाडी त्यातही वेगळी आहे, आणि हे दिल्लीत बसून सहज लक्षात येणार नाही. वाशिष्ठी ही कोकणातल्या इतर नद्यांसारखी उन्हाळ्यात आटत नाही, कारण तिच्यात कोयनेचे पाणी येते. पोफळीला वीज तयार करून झाली की अवजल वाशिष्ठीत सोडतात. कृष्णा खोऱ्यातून पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी वळवायच्या या पाण्याची मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी आहे. म्हणजे दाभोळच्या खाडीत पाणी किती गोडे, किती खारे हे भरती-ओहोटीवर ठरते, पावसावर ठरते आणि घाटमाथ्यापलीकडच्या धरणातून आज किती जनित्रे चालवायची यावरही ठरते. आमची माणसे पाग टाकण्याआधी पाणी चाखून बघतात ती काही हौस म्हणून नाही. असल्या खाडीत फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या बाटल्यांनी क्षारतेचा तक्ता भरणे म्हणजे एसटीच्या एका फेरीचे तिकीट बघून डेपोचे वर्षाचे उत्पन्न काढणे.

पावसाळ्यात तर इथे पाण्याचे थर होतात. वर गढूळ गोडे पाणी, खाली खारे. त्यात थंड खारे पाणी सोडले तर ते जड असल्याने तळाशी बसणार, आणि वरचा गोड्याचा थर त्याला लवकर मिसळू देणार नाही. तळाशी काय आहे? तिसऱ्या, मुळे, कालवं, खेकडे. खाडीत ज्या बायका गुडघाभर पाण्यात उतरून पोट भरतात त्यांचे सगळे घर तळाशी आहे. उन्हाळ्याच्या मोजमापावर केलेले संगणकी गणित सांगते की थंड पाणी काही शे मीटरांत मिसळून जाईल. उन्हाळ्यात जाईलही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा वाशिष्ठीतून जे पाणी, जो गाळ, जी झाडे, जे संसार वाहत आले ते या तोंडातून बाहेर पडले. त्या दिवशीचे गणित करून बघा असे मी म्हणत नाही. पण त्या महिन्याचे तरी करा.

आणखी एक गोष्ट जाता जाता. खाडीच्या वरच्या अंगाला लोटे परशुरामची रासायनिक वसाहत आहे, आणि खाडीत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या गेली कित्येक वर्षे येत आहेत. टर्मिनलचा अहवाल फक्त टर्मिनलचे बोलतो, वसाहतीचा अहवाल वसाहतीचे, जेट्टीचा जेट्टीचे. माशाला अशी कप्पेबंद फाईल नसते.

आता वायूकडे. सुनावणीत हमखास एक वाक्य ऐकू येते: ‘अहो, तुमच्या स्वयंपाकघरातही गॅसच आहे ना?’ ही दिशाभूल आहे, जाणूनबुजून असो की अज्ञानाने. सिलिंडरमध्ये असतो तो एलपीजी, म्हणजे प्रोपेन-ब्युटेन, साध्या तापमानाला दाबाखाली द्रव झालेला. टाकीतला एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, अतिथंड. तो पाण्यावर सांडला तर भराभर उकळतो, हवेतली वाफ गोठवतो आणि पांढऱ्या धुक्यासारखा ढग होऊन पाण्याला, जमिनीला चिकटून वाऱ्याबरोबर सरकतो. थंड असेतो तो जड असतो, ऊब आल्यावर हलका होऊन वर जातो. मधल्या वेळात त्याला ठिणगी मिळू नये एवढीच प्रार्थना. क्लीव्हलंडमध्ये १९४४ साली सांडलेला एलएनजी गटारांत शिरला, पेटला आणि सुमारे १३० माणसे गेली. अल्जीरियात स्किक्दाला २००४ मध्ये २७ जण गेले. एलएनजीवाहू जहाजांचा एकूण इतिहास मात्र चांगला आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे, आणि आपल्याकडे ओआयएसडीची, म्हणजे तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची, मानकेही आहेत. मी भीती घालायला बसलेलो नाही.

माझे म्हणणे वाऱ्यापुरते आहे. ढग कुठे जाईल हे वारा ठरवतो. थंडीत इथे रात्रीपासून सकाळपर्यंत मतलई वारा वाहतो, जमिनीकडून समुद्राकडे. त्या हंगामातले वाऱ्याचे चक्र काढले तर ढग समुद्रावर जाताना दिसेल आणि गावकऱ्यांना सुखाची झोप लागेल. पावसाळ्यात वारा सतत समुद्राकडून जमिनीकडे, म्हणजे वस्तीकडे. टर्मिनल पावसाळ्यात बंद असायचे तोवर हा प्रश्न पुस्तकी होता. आता तो पुस्तकी राहणार नाही. वादळांचेही तसेच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले आणि दापोली-मंडणगडच्या नारळी-सुपारीच्या बागा झोपवून गेले. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते आमच्या समोरून गेले.

तौक्तेवरून जयगड आठवले. दाभोळच्या दक्षिणेला, शास्त्री नदीच्या मुखाशी जयगड बंदर आहे. तिथे एप्रिल २०२१ मध्ये ‘होएग जायंट’ नावाचे जहाज आले, एक लाख सत्तर हजार घनमीटर साठवणीचे. टर्मिनल जमिनीवर बांधण्याऐवजी जहाजच धक्क्याला बांधून ठेवायचे, त्यातच द्रवाचा वायू करायचा आणि नळाने पाठवायचा, ही नवी पद्धत. त्यासाठी जयगड ते दाभोळ अशी सुमारे ५६ किलोमीटरची वाहिनी जमिनीखाली घातली गेली. लोकांच्या बागांतून, सड्यांवरून, खाडीखालून. वर्तमानपत्रांत देशातले पहिले तरंगते टर्मिनल म्हणून मथळे आले. व्यापारी पुरवठा काही सुरू झाला नाही आणि ते जहाज पुढे ब्राझीलला सांतोस बंदरात कामाला लागले. जहाज गेले, चर राहिला.

हे मी कुणाला हिणवायला लिहीत नाही, व्यापारात असे होते, आमच्या सोसायटीचे बर्फाचे कारखानेही बुडाले आहेत. पण अहवालात ‘प्रकल्पाची गरज’ आणि ‘पर्यायांचा विचार’ अशी प्रकरणे असतात. ती सगळ्यात पातळ असतात. देशाला गॅस हवा, म्हणून टर्मिनल हवे, इतकेच. कोचीचे टर्मिनल २०१३ मध्ये झाले आणि मंगळूरपर्यंतच्या वाहिनीचे उद्घाटन व्हायला २०२१ उजाडले. तोवर ते बहुतांश रिकामे होते. शेजारी एक टर्मिनल अर्ध्या क्षमतेने चालत असताना दुसऱ्यासाठी खाडी खणायची की पहिल्याचे पुरते काम करून घ्यायचे, हा प्रश्न पर्यावरणाचाच आहे. तो पेट्रोलियम मंत्रालयाचा म्हणून बाजूला सारता येणार नाही. कोळशापेक्षा गॅस जळताना स्वच्छ, हे खरे. मात्र न जळता निसटलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट ताप देतो, आणि टाकी, जहाज, वाहिनी अशा प्रत्येक सांध्यातून किती निसटेल याची ओळ मी शोधतच राहतो.

जनसुनावणीबद्दल न लिहिता पुढे जाता येत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका प्रकल्पाच्या सुनावणीला गेलो होतो. प्रकल्प कुठला ते सांगत नाही, कारण बोलायचे आहे ते एका प्रकल्पाबद्दल नाही. मूळ अहवाल इंग्रजीत, सातशेच्या वर पाने. मराठीत सारांश, अठरा पाने. नियमाप्रमाणे सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि तो दिला होता. त्यात एक वाक्य होते: ‘सागरी पडझड किनाऱ्यापासून आठशे मीटरवर करण्यात येईल.’ मांडवात कुजबूज सुरू झाली, समुद्रात काय पाडणार? कुणी म्हणाले खडक, कुणी म्हणाले जुनी जेट्टी. मी शेवटी इंग्रजी प्रत उघडली. मूळ शब्द होता मरीन आउटफॉल, म्हणजे सांडपाणी सोडायची नळी. ज्या एका गोष्टीवर बोलायला शंभर मासेमार आले होते तिचे नाव मराठीत पडझड झाले होते. मग त्या दिवशी नळीवर कुणी बोललेच नाही, आणि इतिवृत्तात त्या विषयावर हरकत नाही असेच दिसणार.

२००६ ची अधिसूचना बदलायचा मसुदा २०२० मध्ये आला तेव्हा तो प्रादेशिक भाषांत द्या हे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले होते. त्याच मसुद्यात सुनावणीच्या सूचनेची मुदत ३० दिवसांवरून २० वर आणायची होती. आमच्याकडे तीस दिवसही कसे जातात ते सांगतो. सूचना वर्तमानपत्रात येते, अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि अशाच दोन-चार ठिकाणी ठेवलेला असतो, आणि सुनावणीची तारीख नेमकी उधाणाची निघते. समुद्रावर पोट असलेला माणूस तारखेने चालत नाही, तिथीने चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला डोल जाळे सोडून कुणी मांडवात येऊन बसणार नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मेलेले असते, होड्या काठाला असतात. सुनावणी भांगाला ठेवा. याला कायदा बदलावा लागत नाही, पैसा लागत नाही, भिंतीवरचे पंचांग पुरते.

असा अभ्यास नीट करता येतो का, असे कुणी विचारेल. येतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ वेस्टर्न पोर्ट नावाचा उपसागर आहे. तिथे क्रिब पॉइंटला एजीएल या कंपनीला असेच तरंगते टर्मिनल आणायचे होते. पद्धत तीच, समुद्राचे पाणी ओढायचे, सुमारे सात अंश थंड करून क्लोरीनसह सोडायचे, दिवसाला ४५ कोटी लिटरांहून जास्त. व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारने पूर्ण पर्यावरणीय मूल्यांकन मागितले. सहा हजारांवर लेखी निवेदने आली. करोनाचा काळ होता, म्हणून सुनावणी ऑनलाइन झाली, आणि ती एका मांडवात एका दुपारी आटोपली नाही, कित्येक आठवडे चालली. कंपनीच्या तज्ज्ञांची लोकांच्या वकिलांनी उलटतपासणी घेतली. मार्च २०२१ मध्ये तिथल्या नियोजन मंत्र्यांनी निर्णय दिला की या पाण्याचा उपसागरावर होणारा परिणाम स्वीकारण्याजोगा नाही. वेस्टर्न पोर्ट ही १९८२ पासून रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराने महत्त्वाची ठरवलेली पाणथळ जागा आहे, हे त्यांना सोयीचे होते. आमची खाडी रामसर नाही. पण पाण्याचे शास्त्र रामसरचा फलक बघून बदलत नाही. तिथले समुद्रगवत आणि इथली कोळंबी, दोघांनाही क्लोरीन सारखाच लागतो.

तेव्हा आपल्या समितीकडे मागणे एवढेच. कोकण किनाऱ्यावर एलएनजीचे नवे टर्मिनल येवो, तरंगते असो की जमिनीवरचे, किंवा जुन्याचा विस्तार असो, टीओआर देताना पूर्ण वर्षाची निरीक्षणे मागा, आणि त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची पाण्याची, वाऱ्याची आणि अंडी-पिल्लांची मोजणी सक्तीची करा. ‘पावसाळ्यात समुद्रात जाता येत नाही’ हे उत्तर स्वीकारू नका. बारमाही जहाज आणता येते तिथे बारमाही बाटली भरता येते. पावसाळ्यात मोजायचे नसेल तर परवानगीतही तसेच लिहा, पावसाळ्यात चालवायचे नाही. खाडीवर आधीच असलेला भार, कोयनेचे अवजल धरून, एका ठिकाणी मांडायला सांगा. मराठी सारांश छापण्याआधी तो गावातल्या एखाद्या मास्तरांना आणि एखाद्या तांडेलाला वाचायला द्या. आणि समुद्राच्या पाण्याऐवजी दुसऱ्या मार्गाने ऊब दिली तर किती जास्त खर्च येतो तो आकडा कंपनीला सांगायला लावा. कदाचित तो एवढा मोठा नसेल. आम्हाला कधी कुणी सांगितलेला नाही.

आकडेच नाहीत असे मात्र म्हणू नका. आमच्या सोसायटीच्या लोखंडी कपाटात वह्या आहेत. बंदीच्या महिन्यांत यांत्रिक होड्या बंद असतात, पण खाडीतली बिनयंत्राची होडी चालू असते, आणि तिच्या मालाची नोंद त्यांत आहे: कुठल्या आठवड्यात कोळंबी चढली, बोय कधी आली, शेंगटी कुठल्या सालापासून कमी झाली, नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीला किती डिझेल जळून काय मिळाले. काही पाने वाळवीने खाल्ली आहेत, २००५ च्या पावसात काही भिजली. अक्षर माझे आहे, वाचता येते. आजवर त्या वह्या बघायला कर्जवसुलीवाला आला, सहकार खात्याचा माणूस आला, एकदा निवडणुकीच्या वादातून पोलीसही आले. पर्यावरणाचा अभ्यास करणारे कुणी आलेले नाही.

कपाटाची एक किल्ली सेक्रेटरीकडे असते, एक अजून माझ्याकडे. येणार असाल तर जुलैत या, छत्री आणा, आणि शक्यतो अष्टमी-नवमी बघून या, म्हणजे बोलायला माणसे घरी सापडतील.

आपला,
दाभोळ खाडीकाठचा एक निवृत्त हिशेबनीस